आधी फूटपट्टी काढ, मग पाकीट

प्रश्न : ताई, मी २६ वर्षांची आहे, साताऱ्यात एका पॅथॉलॉजी लॅबमध्ये काम करते. दोन वर्षं भावाची जुनी एमटीबी (माउंटन बाईक) चालवतेय. रविवारी ५०-६० किलोमीटर होतात, यवतेश्वरचा घाट कुठेही पाय न टेकता चढते. आता स्वतःची रोडबाईक घ्यायचीय आणि पुढच्या हिवाळ्यात २०० किलोमीटरची ब्रेव्हे (ठरलेल्या वेळात पूर्ण करायची लांब पल्ल्याची राइड) करायचीय. ४० हजार साठवलेत, त्यावर एक रुपयाही नाही. समोर चार सायकली आहेत. गावातल्या दुकानात खाली वळलेल्या हँडलची ‘रेसर’, १४ हजार. नवी साधी ७ गिअरची रोडबाईक, तिसेक हजार. पुण्यात एकाची पाच वर्षं वापरलेली, सोरा गिअरची अ‍ॅल्युमिनियमची; तो ३२ हजार म्हणतोय. आणि ओळखीतल्या एकाची कार्बनची, ४५ ची ‘तुला ४० ला देतो’ म्हणालाय. तिच्या फ्रेमचा साइज ५४ सेंटिमीटर आहे, माझी उंची ५ फूट ३ इंच. सीट खाली केली की बसेल, असं तो म्हणतो. आई म्हणते, एवढ्या पैशांत जुनी स्कूटी येईल. काय करू? आणि मला अहोजाहो करू नका.
– एक वाचक, सातारा

उत्तर : कार्बनची सायकल मनातून काढून टाक. हे सगळ्यात आधी सांगते, कारण पत्रात तू तिच्याबद्दल शेवटी लिहिलंयस, पण किंमत कमी करून मिळतेय, साइज जमवून घेता येईल, हे सगळं तिच्याच बाबतीत लिहिलंयस. मन तिच्यावर बसलंय. साहजिक आहे. एका हाताने उचलली जाणारी सायकल पहिल्यांदा उचलली की तसंच होतं. पण ती तुझ्या मापाची नाही, आणि मापाची नसलेली सायकल फुकट मिळाली तरी महाग पडते.

हे मी अनुभवाने सांगतेय. माझी उंची ५ फूट २ इंच. पहिली रोडबाईक घेतली तेव्हा दुकानात एकच शिल्लक होती, ५४ साइजची. ‘मॅडम, सीट खाली घेतो, स्टेम छोटा टाकतो, एकदम फिट होईल’ असं सांगितलं गेलं (स्टेम म्हणजे हँडल फ्रेमला जोडणारा तुकडा) आणि मला तेव्हा त्यातलं काही कळत नव्हतं. सीट खाली घेतली, पाय जमिनीला पोचले, मला वाटलं झालं. तिसाव्या किलोमीटरला करंगळी आणि शेजारचं बोट बधिर व्हायचं. चाळिसाव्याला मानेत कळ. मी वर्षभर हेच समजत राहिले की माझ्या अंगात ताकद कमी आहे, सवय नाही, अजून व्यायाम हवा. एकदा मैत्रिणीच्या ४८ साइजच्या सायकलवर बसले आणि दहा मिनिटांत कळलं की दोष माझा नव्हता. ती सायकल नंतर निम्म्या किमतीत गेली. पैशांपेक्षा मला ते वर्ष वाया गेल्याचं जास्त वाईट वाटतं.

सीट खाली केल्याने काय होतं आणि काय होत नाही, ते नीट समजून घे. सीट खाली केली की पाय पोचतात. पण सीटपासून हँडलपर्यंतचं अंतर फ्रेममध्ये ठरलेलं असतं, ते सीट खाली घेऊन फारसं कमी होत नाही. सीटची नळी मागे कललेली असते, त्यामुळे सीट खाली येताना थोडी पुढे सरकते आणि लोकांना वाटतं सगळं जमलं. मग सीट आणखी पुढे ढकलतात, स्टेम आखूड टाकतात. त्यातून गुडघे पायडलच्या फार पुढे येतात आणि आखूड स्टेममुळे पुढचं चाक उतारावर चंचल होतं. स्टेम १० मिलिमीटरने, फार तर २० ने बदलणं ठीक. ५४ ची ४९ करणं स्टेमचं काम नाही.

आता फूटपट्टी काढ. अनवाणी, भिंतीला पाठ लावून उभी राहा, पायांत वीतभर अंतर. एक जाड पुठ्ठ्याच्या वहीचा कणा वर करून ती मांड्यांच्या मध्ये घट्ट वर घे, सीटवर बसल्यासारखा दाब लागेल इतकी. वहीच्या वरच्या कडेपासून जमिनीपर्यंतचं अंतर भावाला किंवा आईला मोजायला लाव. तीनदा मोज. तुझ्या उंचीला हा आकडा ७२ ते ७५ सेंटिमीटरच्या आसपास यावा. समजा ७३ आला. त्याला ०.६७ ने गुणलं की ४९ येतं, हा फ्रेमचा ढोबळ साइज. त्याच ७३ ला ०.८८३ ने गुणलं की साडेचौसष्ट येतं. क्रँकच्या (पायडल ज्यांना लागतात त्या दांड्यांच्या) मध्यापासून सीटच्या वरच्या टोकापर्यंत एवढे सेंटिमीटर हवेत, इथून सीटची उंची लावायला सुरुवात करायची. कंपनीगणिक साइजचे आकडे बदलतात, कुणी ४९ म्हणतं, कुणी नुसतं एस लिहितं, म्हणून त्या त्या कंपनीचा तक्ता बघायचाच. पण तुझं उत्तर ४८ ते ५० च्या घरात आहे, ५४ मध्ये नाही, हे मी इथे बसून सांगू शकते.

मापाची शेवटची परीक्षा मात्र सायकलवर बसूनच. ब्रेकच्या मुठींवर हात ठेवून बस. कोपरं थोडी वाकलेली राहतात का? खांदे कानांकडे चढत नाहीत ना? आणि मग दोन्ही हात क्षणभर हलके कर. अंग पुढे घसरत असेल तर हँडल लांब आहे. बायकांचे हात लहान असतात, त्यामुळे आणखी एक बघ : हँडलच्या खालच्या वळणात हात ठेवून दोन बोटांनी ब्रेक पूर्ण दाबता येतो का. बहुतेक मुठींमध्ये ब्रेकची दांडी जवळ आणायची सोय असते, एक छोटा स्क्रू असतो; दुकानदाराला ते करून द्यायला सांग. घाट उतरताना बोटं पोचली नाहीत तर बाकीच्या सगळ्या गोष्टी व्यर्थ आहेत.

आता घाट. तुझ्या पत्रातलं ‘पाय न टेकता चढते’ हे वाक्य वाचून मला फार आनंद झाला, पण त्यातच एक धोका आहे, जो तुला कुणी सांगितलेला दिसत नाही. जुन्या एमटीबीला बहुतेकदा पुढे तीन चक्रं असतात आणि त्यातलं सगळ्यात लहान बऱ्याचदा २२-२४ दात्यांचं असतं. यवतेश्वर तू त्याच्यावर चढत असणार. रोडबाईकवर ते चक्रच नसतं. म्हणून ‘रोडबाईक हलकी, घाट सोपा जाईल’ असं धरून चाललीस तर पहिल्याच वळणावर मन खट्टू होईल.

हिशेब करून दाखवते. रोडबाईकचं चाक एका फेरीत साधारण २.१ मीटर जातं. पुढचे दाते भागिले मागचे दाते, गुणिले २.१, म्हणजे पायडलच्या एका फेरीत सायकल किती पुढे जाते ते. पुढे ३४ आणि मागे ३४ असेल तर २.१ मीटर. पुढे ३४, मागे २८ असेल तर अडीच मीटरच्या थोडं वर. आणि पुढे एकच चक्र, ४२ दात्यांचं, मागे सगळ्यात मोठी २८ ची असेल तर ३.१५ मीटर. मिनिटाला ६० फेऱ्या मारत राहायचं म्हटलं तर पहिल्या सायकलवर ताशी साडेसातचा वेग पुरतो, दुसरीवर सव्वानऊ लागतो, तिसरीवर सव्वाअकरा. घाटात ताशी सव्वाअकरा टिकवणं ही चांगल्या तयारीच्या माणसाची गोष्ट आहे. तो वेग टिकला नाही की फेऱ्या मंदावतात, प्रत्येक फेरीला पाय दाबून काढावा लागतो, आणि ते सगळं गुडघ्यावर जातं.

म्हणून तुझ्यासारख्या, घाटाच्या पायथ्याशी राहणाऱ्या मुलीने सायकल बघायला गेल्यावर नाव वाचायच्या आधी दाते मोजावेत. खरंच, बोट लावून मोजायचे. पुढच्या लहान चक्राचे आणि मागच्या मोठ्या चक्राचे. पुढे ५०-३४ आणि मागे किमान ३२, ही माझी अट. ३४ मिळालं तर उत्तम. यवतेश्वर, पुढे कासपर्यंतची चढउतार, उद्या वाईहून पसरणी, मेढ्याहून केळघर, हे सगळं तुझ्या अंगणात आहे. सपाट मुलखातल्या माणसासाठी लिहिलेला सल्ला तुला चालणार नाही.

वजनाचं लोक फार बोलतात, त्याबद्दल एवढंच. तू, सायकल, पाण्याच्या बाटल्या धरून ७० किलोच्या आसपास वजन वर न्यायचं असतं. सायकल २ किलोने हलकी झाली तर त्यात ३ टक्क्यांहून कमी फरक पडतो. ४० मिनिटांच्या चढात जेमतेम एक मिनिट. त्या एका मिनिटासाठी कार्बनचे पैसे मोजायची तुला आत्ता गरज नाही. आणि वापरलेल्या कार्बनचं आणखी एक आहे : अ‍ॅल्युमिनियम पडलं तर बहुतेकदा पोचा दिसतो, चीर दिसते; कार्बनला आतून इजा झालेली वरून दिसेलच असं नाही. ती आयुष्यात किती वेळा आणि कशी पडली हे विकणाऱ्यालाही आठवत नसतं. जाणकाराने तपासल्याशिवाय ती घेऊ नये, आणि पहिल्या सायकलीला तर नाहीच.

१४ हजारांच्या ‘रेसर’लाही माझा नकार आहे. ती विकणाऱ्याचा राग नाही, गावात कामाला जायला ती चालेल. पण अशा सायकलींत बहुतेक वेळा पुढे एकच मोठं चक्र आणि मागे १४-२८ ची फ्रीव्हील असते, म्हणजे वरच्या हिशेबातली तिसरी सायकल. ब्रेक पातळ पत्र्याचे, दाबले की वाकतात. लोखंडी फ्रेम जड. आणि मुख्य म्हणजे हँडल रोडबाईकसारखं वळवलेलं असलं तरी माप बहुधा एकच, सगळ्यांना तेच. २०० किलोमीटरच्या मनसुब्याला ती साथ देणार नाही, आणि वर्षाने विकायला काढलीस तर फारसं काही हातात येणार नाही.

म्हणजे खरी निवड दोनच सायकलींत आहे : नवी ७ गिअरची किंवा पुण्याची सोरा.

शिमानो या कंपनीच्या रोडबाईक गिअरची उतरंड खालून वर अशी : क्लॅरिस ८ गिअरची, सोरा ९, टियाग्रा १०, त्याच्या वर १०५, अल्टेग्रा, ड्युरा-एस. (हे मागच्या चक्रांचे आकडे, पुढे दोन चक्रं असली की दुप्पट म्हणतात.) नवख्या माणसाला क्लॅरिस आणि सोरा यांत रोज चालवताना मोठा फरक जाणवत नाही, दोन्ही वर्षानुवर्षं चालतात, भाग स्वस्त मिळतात. मोठा फरक आहे तो क्लॅरिसच्या खाली. क्लॅरिसपासून वर ब्रेक आणि गिअर एकाच मुठीत असतात. त्याखालच्या साध्या सायकलींत गिअरचे खटके बऱ्याचदा हँडलच्या मध्याजवळ, स्टेमपाशी असतात. गिअर बदलायला प्रत्येक वेळी एक हात ब्रेकवरून काढायचा. सपाट रस्त्याला चालतं. पण कासहून उतरताना वळण घेऊन लगेच चढ लागतो, समोरून एसटी येते, तेव्हा दोन्ही हात ब्रेकवर असावेत असं मला मनापासून वाटतं. माझ्याकडे मोजके पैसे असतील तर मी ते फ्रेमच्या नावावर, चकचकीत रंगावर किंवा वजनावर न घालता या एका गोष्टीवर घालीन.

म्हणून माझा कौल पुण्याच्या सोराला. एका अटीवर, आणि ती अट तू पत्रात लिहिलीच नाहीस : तिचा साइज काय? सगळं तिथे अडलंय. एस किंवा ४८-५० असेल तरच पुढचं वाच. एम असेल तर गाडीभाडं घालवून बघायलाही जाऊ नकोस, मोह होईल.

साइज जुळला असं धरून, बघायला दिवसाउजेडी जा. रात्री पार्किंगच्या दिव्याखाली सायकल बघू नये. सोबत सायकल कळणारं कुणी असेल तर उत्तम, नसेल तर एक मोजपट्टी घेऊन जा आणि घाई करू नकोस.

आधी फ्रेम. हँडलखालची नळी आणि तिला मिळणाऱ्या दोन नळ्यांचे जोड, क्रँकभोवतालचे जोड, मागच्या चाकाजवळची टोकं, इथे ओल्या फडक्याने पुसून बोट फिरव. रंगाला केसासारखी रेघ असेल किंवा रंग फुगला, सुरकुतला असेल तर तिथूनच परत ये. मग सीटपोस्ट (सीटखालची दांडी) सैल करून वर-खाली करून बघ. हे लोक विसरतात. अ‍ॅल्युमिनियममध्ये सीटपोस्ट वर्षानुवर्षं न हलवता राहिली की जाम होऊन बसते, आणि तुला सीट तुझ्या मापाला आणताच आली नाही तर सायकलचा उपयोग नाही.

पुढचा ब्रेक दाबून सायकल पुढे-मागे हलव. हँडलच्या मुळाशी टकटक जाणवली तर बेअरिंग ढिलं किंवा गेलेलं आहे. क्रँकची दांडी धरून आडवी हलव, खुळखुळली तर बीबी (क्रँकच्या मधलं बेअरिंग) बदलावी लागेल. दोन्ही चाकं उचलून फिरव आणि ब्रेकपॅड आणि रिममधली फट बघ. रिम डावी-उजवी नाचत असेल तर ‘आऊट’ आहे. थोडं आऊट असेल तर मेकॅनिक तारा आवळून काढतो. पण रिमला एकाच जागी चपटा मार बसलेला असेल तर ते निघत नाही. रिमब्रेकची (ब्रेकपॅड रिमवरच दाबतो अशी) सायकल असेल तर रिमच्या बाजूवरून नख फिरव. ब्रेकने घासून तिथे खोलगट झालेलं लागलं तर रिम झिजलीय, आणि नवीन चाकांचा खर्च तुझ्या बजेटात नाही.

चेन मोजायला तुझ्या घरी कुणी सुतारकाम करणारं असेल तर त्याला लगेच कळेल. एका पिनेच्या मध्यावर पट्टीचा शून्य धर. नव्या चेनमध्ये १२ इंचांवर बरोबर पिनेचा मध्य येतो. अर्धा सूत (सूत म्हणजे इंचाचा आठवा भाग) पुढे गेला असेल तर चेन बदलायची. पूर्ण सूत पुढे गेला असेल तर चेनबरोबर मागची कॅसेटही (मागच्या चक्रांचा संच) खाल्लेली असणार, दोन्ही बदलायचे. हा दोष नाही, झीज आहे, पण किमतीतून वजा करून घ्यायची. कॅसेट आणि चेन मिळून साधारण तीनेक हजार होतात, आणि कॅसेट बदलायचीच असेल तर त्याच खर्चात २८ ऐवजी ३२ किंवा ३४ ची बसवून घे. त्याआधी मेकॅनिकला विचार की मागच्या डिरेलरचा (चेन एका चक्रावरून दुसऱ्यावर सरकवणाऱ्या भागाचा) पिंजरा तेवढी मोठी कॅसेट घेतो का. लांब पिंजऱ्याचा बहुधा घेतो, आखूड असेल तर अडू शकतं.

मूळ बिल माग. बीबीच्या खाली फ्रेमवर नंबर कोरलेला असतो, तो बिलावरच्या नंबराशी ताडून बघ. बिल नाही, नंबर खरवडलाय, असं असेल तर कितीही स्वस्त असली तरी ती चोरीची असू शकते. घेऊ नकोस.

आणि चालवून बघ. चौकातून वळून आलं म्हणजे चालवणं नव्हे. निदान पाच किलोमीटर, त्यात एखादा चढ. उभी राहून पायडल मारताना प्रत्येक गिअर पडतो का, चेन उडी मारते का, ते बघ.

रिमब्रेक की डिस्क? ती सोरा रिमब्रेकची असण्याची शक्यता बरीच आहे, आणि त्यामुळेच ती तुला परवडतेय. बाजार डिस्ककडे वळलाय, म्हणून रिमब्रेकच्या चांगल्या सायकली उतरत्या भावात मिळतात. कोरड्या रस्त्यावर त्या पुरेशा आहेत. पावसात मात्र रिम ओली झाली की ब्रेक लागायला उशीर होतो, आणि जुलैत यवतेश्वरवर धुकं कसं असतं ते तुला मी सांगायला नको. नवे चांगले ब्रेकपॅड टाक, आणि भर पावसात घाट उतरायचाच झाला तर वळणाच्या बऱ्याच आधीपासून हलका ब्रेक धरून रिम पुसत जा.

टायर २८ चे (म्हणजे २८ मिलिमीटर रुंद) बसत असतील तर २८ चेच घाल. आपल्या रस्त्यांना २३ चे टायर म्हणजे हाडांची परीक्षा. हवा मात्र टायरवर लिहिलेल्या आकड्याइतकी ठासून भरू नकोस, तो कमाल आकडा असतो. तुझ्या वजनाला २८ च्या टायरमध्ये ६५-७० पीएसआय पुरते. आणि रोडबाईकच्या ट्यूबचा व्हॉल्व्ह बारीक, वेगळा असतो. रस्त्यावरच्या पंक्चरवाल्याचा पंप त्याला लागत नाही. पितळेचं छोटं अ‍ॅडॉप्टर मिळतं, ते सीटखालच्या पिशवीत कायम ठेव. मी एकदा त्याच्याविना भर दुपारी तीन पंक्चरवाल्यांकडे फिरले आहे. तिन्ही माणसं मदतीला तयार होती, पण हवा भरता आली नाही.

आता पैसे. ४० हजारांची सायकल घ्यायची नाही. त्यातले ७ हजार आजच बाजूला काढ, दुसऱ्या पाकिटात. त्यात हेल्मेट, पुढचा-मागचा दिवा, घरी हवा भरायचा उभा पंप, सोबत न्यायचा छोटा पंप, दोन ट्यूब, टायर काढायच्या पट्ट्या, पंक्चरचं सामान, एक मल्टीटूल आणि एक बरी पॅड असलेली शॉर्ट्स. ब्रेव्हेला हेल्मेट, दिवे आणि चमकणारं जॅकेट लागतंच, त्याशिवाय सोडत नाहीत. तू एकटी पहाटे निघत असणार, तेव्हा मागचा लाल दिवा दिवसाही चालू ठेव. क्लिप लागणारे बूट आणि पायडल आत्ता नकोत, साध्या पायडलवर २०० आरामात होतात.

उरले ३३. जुन्या सायकलीला कॅसेट, चेन, केबल, ब्रेकपॅड आणि एक पूर्ण सर्व्हिसिंग धरून पाचेक हजार लागतील. म्हणजे त्या माणसाला २८ हजारांच्या वर देऊ नकोस. चेन मोजून, कॅसेट दाखवून, शांतपणे सांग की एवढा खर्च आहे. मन दुखावायचं काही कारण नाही, हिशेब समोर मांडला की लोक ऐकतात. नाही ऐकलं तर ती सायकल सोड.

सोडलीस तर काय? तर थांब. ब्रेव्हे पुढच्या हिवाळ्यात आहे, आणि पुण्यात सायकलवाल्यांच्या व्हॉट्सअ‍ॅप गटांवर लहान साइजच्या सायकली येत राहतात. उंच माणसांची गर्दी त्यांच्यामागे नसते, हा तुझा फायदा. दोन-तीन महिने वाट बघूनही जुळलं नाही, तर नवी ७ गिअरची तुझ्या साइजमध्ये घे. तिच्यावर हमी मिळते, मापात बसते, आणि मागे ३२ ची चकरी बसते का ते घेतानाच विचारून ठेव. दुकानात किंमत ऐकताना हेही लक्षात असू दे की २२ सप्टेंबर २०२५ पासून सायकलींवरचा जीएसटी १२ वरून ५ टक्क्यांवर आलाय. जुनी किंमतपट्टी कुणी पुढे केली तर विचारायला संकोच करू नकोस.

वेगाची काळजी करू नकोस. २०० च्या ब्रेव्हेला साडेतेरा तास मिळतात. जेवण, चहा, पंक्चर सगळं धरून ताशी पंधराच्याही आतली सरासरी पुरते. तू आत्ता एमटीबीवर ६० करतेस. तुला वेगवान सायकल नको, दहाव्या तासाला हात-मान-कंबर दुखणार नाही अशी सायकल हवी. घेतल्यावर पहिले दोन आठवडे बसायची जागा दुखेल, ते सवयीचं दुखणं, जातं. पण बोटं बधिर होणं, गुडघ्यात पुढून कळ येणं, हे सवयीने जात नाही. ते माप चुकल्याचं लक्षण आहे, लगेच सीट किंवा हँडल तपासून घे. माझ्यासारखं वर्षभर सोसू नकोस.

आईच्या स्कूटीबद्दल. त्यांची काळजी पैशांची आहे तशीच रस्त्याचीही असणार, बोलून दाखवली नसेल. त्यांना स्कूटीविरुद्ध सायकल असा वाद घालू नकोस. हेल्मेट आणि दिवे आधी घरी आण, सायकल नंतर. कुठल्या रस्त्याने, कुणाबरोबर, किती वाजता परत, हे निघताना सांगून जा. आणि माप घ्यायला पट्टी त्यांच्याच हातात दे.

त्या पुण्याच्या माणसाला आज रात्रीच निरोप पाठव. साइज विचार, मागच्या सर्वांत मोठ्या चक्राला किती दाते आहेत ते विचार, आणि तीन फोटो मागव : बीबीखालच्या नंबराचा, पुढच्या रिमच्या बाजूचा जवळून, आणि कॅसेटचा, दाते मोजता येतील असा. तुझं पायाचं माप आणि ते फोटो मला पाठव. रविवारी पुण्याला निघायच्या आधी मी बघून सांगते.